डॉ. प्रत यांचे खेकडे

प्रिय खेकडाबाई,

गॅस बंद कर आणि नीट बसून वाच, कारण मला अजिबात धीर नाही आणि मी सगळं उलटसुलट सांगणार आहे. मागच्या पत्रात तू पाणी-तपासणी केंद्रातल्या जागेबद्दल लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत अर्ज करणार नाही म्हणून मोकळी झालीस. ‘प्रकाशित संशोधन विचारतात तिथे. माझ्या नावावर आहे तरी काय?’ हे तुझं वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं.

तर ऐक. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण चालू आहे. संदर्भ आता मी हाताने लिहीत नाही, भाचीने नवी युक्ती शिकवली आहे. शोधयंत्रात शब्द टाकायचे, हवा तो लेख दिसला की त्याच्या खाली टिचकी मारायची. एक चिमुकली फाइल उतरते, ती संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली की लेखक, वर्ष, नियतकालिक, पानं सगळी आपापल्या रकान्यात जाऊन बसतात. आलेली नोंद डोळ्यांखालून घालत जा, यंत्र काहीही उचलतं, असं तिने बजावलं होतं. मी कसली ऐकते! पानभर लेख एकदम आत ओढले आणि यादी छापून मार्गदर्शकबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, हे ‘प्रत, ग्रं.’ म्हणजे नेमके कोण? ओढ्यातल्या खेकड्यांवरच्या कामात हे नाव त्यांना सारखं भेटतं म्हणे, पण माणूस कुठला ते कुणालाच ठाऊक नाही. मी थाटात सांगितलं, फार जुने अभ्यासक आहेत.

घरी येऊन मूळ लेख उघडला. पहिल्याच पानावर, लेखिकेच्या नावावर बरोब्बर शिक्का बसलेला: ‘ग्रंथालय प्रत’. यंत्राने त्या शिक्क्यालाच लेखक ठरवलं, आडनाव प्रत, आणि भल्याभल्या शहाण्यांनी तो न बघता आत ओढला, माझ्यासकट. एका महाशयांनी तर डॉ. प्रत यांच्या चिकाटीचे जाहीर आभार मानले आहेत. मी एकटीच वेड्यासारखी हसत सुटले. मग पुढचं पान उलटलं. समोर आपला लंगड्या होता.

एकाच नांगीचा, हट्टी, दर खेपेला माझंच बोट धरणारा. तू खडकावर पालथी पडून त्याचं चित्र काढत होतीस आणि मी गुडघाभर पाण्यात बादली धरून तुझ्या नावाने बोटं मोडत होते. तुझ्या आईच्या टेबलावरचं नेलपॉलिश पळवून आपण एकेका खेकड्याच्या पाठीवर ठिपका द्यायचो, पुन्हा सापडला तर ओळखू यावा म्हणून. मग तुझे बाबा आजारी पडले आणि तू सगळं सोडून घरी बसलीस. सरांनी तुझा लेख कॉलेजच्या वार्षिकात छापला तेव्हा तू एवढंच कळवलंस, की ते कोण वाचणार. अगं, वाचलं लोकांनी. कॉलेजने जुने अंक स्कॅन करून ठेवल्यापासून वाचतच आहेत. अजूनही माणसं ओढ्यात उभी राहून तुझ्या पद्धतीने खेकड्यांना नेलपॉलिश लावतात. मला इतका आनंद झाला आहे की काल मी शेजारणीलाही खेकड्यांवर व्याख्यान दिलं.

माझ्या सॉफ्टवेअरमधली नोंद मी तेव्हाच दुरुस्त केली, प्रबंधात तुझं नाव छापून येईल. पण शोधयंत्रातली नोंद मला हलवता येत नाही, तिथे लेखावर हक्क लेखकानेच सांगावा लागतो. आपल्या नावाचं खातं उघडलं की ते लेख दाखवून विचारतं, हा तुमचा आहे का. सर भेटले, बिनशिक्क्याची प्रत त्यांनी जपून ठेवली होती. तिची झेरॉक्स सोबत जोडली आहे, म्हणजे तुला नाही म्हणायला जागा उरणार नाही. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते आणि हे पत्र मी त्यासाठीच लिहिलं आहे. आधी तिथे ‘होय’ म्हण, मग तो अर्ज भर. डॉ. प्रत यांनी तुझी जागा फार वर्षं सांभाळली, आता त्यांना निवृत्त कर.

तुझीच,
बादलीवाली