नाडी बहात्तर

५ जानेवारी
सक्करदऱ्याच्या नव्या घरात आलो. मी, हे आणि आठ वर्षांची रोशनी. दुसरा माळा, भरपूर ऊन, दोन वेळ पाणी. आधी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी लावल्या, तिघांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मगच गॅस पेटवला. शाळा चालत दहा मिनिटं, म्हणजे ऑटो वाचला. छान वाटतंय.

९ जानेवारी
दुपारी मधल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. दिसलं काही नाही, ऐकूही आलं नाही. पण हातावरचे केस उभे राहिले, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडू लागली. स्वयंपाकघरात आले की थांबलं. खालच्या सिंधूताई म्हणाल्या, लिंबू उतरव वं, काहून भिऊन राहिली? म्हटलं, आमच्यात भूतबित मानत नाहीत. तर हसून म्हणतात, मंग तुह्या छातीले सांग तसं!

१४ जानेवारी
मानत नाही, तर मोजावं. घड्याळ घेऊन नाडी मोजली. स्वयंपाकघरात बहात्तर, मधल्या खोलीत एकशे अठ्ठावीस. रोज हेच.

१६ जानेवारी
डॉ. दीक्षा मॅडमकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, धोक्याची चाहूल मनाआधी शरीराला लागते. मेंदू नसांमधून निरोप धाडतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात रस सोडतात, हृदय पळतं, पोट थांबतं, रक्त पायांकडे जातं. तुमचा पहारेकरी उगाच ओरडतो, एवढंच. गोळी दिली. गोळीनं तो गप्प होत नाही, पण हृदयाला त्याचं ओरडणं ऐकू येत नाही.

२१ जानेवारी
मधल्या खोलीतही बहात्तर! आता तिथेच बसते. आज घड्या घालायला बसले आणि एकदम संध्याकाळ झाली. मधलं काही आठवत नाही. घड्या झाल्या होत्या. पण माझ्या पद्धतीच्या नव्हत्या.

२५ जानेवारी
गोळी चालू आहे. गोळ्यांचं पाकीट फोडलंय, वाया कशाला घालवू. वंदनेला बसले, तर तिसऱ्या ओळीला शब्दच— लहानपणापासून पाठ. घाबरायला हवं होतं. घाबरले नाही.

२८ जानेवारी
रोशनी माझ्याजवळ बसत नाही. तिचं मनगट धरलं, एकशे चाळीस. मी बाहेर गेले आणि यांना मोजायला लावलं, ऐंशी. मी उंबऱ्यात आले— एकशे बत्तीस.
यांना म्हटलं, तिला आजीकडे सोडा. म्हणाले, पोरगी थंडीनं काकडून राहिली, तुले काहीबी वाटते.

२९ जानेवारी
हे कामावर. आज गोळी घेतली नाही. तरी मधल्या खोलीत बहात्तर.
रोशनीला मागच्या खोलीत आतून कडी लावायला सांगितली. शहाणी पोर, लावली. हे पान दाराखालून सरकवणार—
उजवा हात लिहितोय. डावा दार वाजवतोय. मी नाही—
माझाच आवाज म्हणतोय, उघड वं बाळा.
रोशनी, बाबा येईपर्यंत मी कितीही हाका मारल्या तरी उघडू न