जळून राहिलं, अंजूताई

१० नोव्हेंबर २०१४

गाडी चक्क वेळेवर गोंदियाला पोहोचली. स्टेशनबाहेर गरम समोसे खाल्ले, रिक्षावाल्याशी हिंदीत घासाघीस केली आणि जिंकले. एजन्सीने पाठवलेलं हे माझं चौथं गाव. काही महिने एका दवाखान्यात काम करायचं, मग बॅग भरायची, अशी ही नोकरी. खोली राइस मिलच्या मागे आहे. धानाचा हंगाम असल्यामुळे हवेत कोंडा उडतो आणि भिजवलेल्या धानाचा उबट वास येतो. मला आवडला.

घरमालकीण शकुंतलाबाई बोलक्या आहेत. पहिलाच प्रश्न, "काऊन व बाई, एकटीच आलीस? मांगंपुढं कोणी नाही का?" मी नुसती हसले. त्यांनी चहा दिला आणि गादी उन्हात टाकून दिली. बऱ्याच दिवसांनी मन हलकं वाटलं.

गोंदिया मी मागून घेतलं. कॅन्सर नर्सिंगच्या प्रमाणपत्रासाठी एखाद्या अनुभवी इन्चार्जच्या देखरेखीखाली केमो द्यावी लागते. तिने पसंतीची सही केली तरच परीक्षेला बसता येतं. इथल्या इन्चार्ज प्रेमिला सिस्टर आहेत. त्या मला ओळखत नाहीत. मी त्यांना ओळखते.

१२ नोव्हेंबर

वॉर्ड लहान आणि स्वच्छ आहे. आरामखुर्च्या ओळीने मांडल्या आहेत, खिडकीतून मिलचं धुराडं दिसतं. सकाळी पेशंट येतात, संध्याकाळी गावी परततात.

प्रेमिला सिस्टर पन्नाशीची, ठेंगणी, हसरी. दुपारी तिने स्वतःच्या डब्यातली लाखोळीच्या डाळीची भाजी मला वाढली. मी खाल्ली. चवीची होती. खाताना मी तिचे हात बघत होते.

माझी धाकटी बहीण खुशबू नवेगाव बांधला दिली होती. तिला गाठींचा कॅन्सर झाला. याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खुर्चीत, हिने तिच्या डाव्या हातातून लाल औषध दिलं. ते औषध शिरेतच राहिलं पाहिजे. बाहेर झिरपलं तर मांस जाळतं. खुशबू म्हणाली, जळून राहिलं. ही म्हणाली, सहन कर, औषध आहे, लागणारच. आणि सिरिंज रिकामी केली. हात काळा पडला, सडला, विष अंगात पसरलं. खुशबू गेली. दवाखान्याने सांगितलं, औषध मानवलं नाही. तेव्हा मी दूर रायपूरला होते; खरं काय घडलं ते तिच्या नवऱ्याने नंतर सांगितलं.

अशी माणसं पुन्हा तेच करतात. ही करेल तेव्हा मी शेजारी उभी असेन. मग सगळ्या गोंदियाला कळेल. तोवर मला शिकायचं आहे.

२१ नोव्हेंबर

ती चांगलं शिकवते, हे लिहिलं पाहिजे. लाल औषध सलाईनच्या चालू धारेत हातानेच हळूहळू सोडायचं. मधूनमधून दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायचं. आज म्हणाली, पेशंट जळते म्हणाला की हात थांबला पाहिजे, विचार नंतर. हे तू कोणाच्या हातावर शिकलीस, असं विचारावंसं वाटलं. मी मान हलवली.

हिरालालजी म्हणून सत्तरीचे पेशंट आहेत. मला बघून म्हणाले, "लाल सरबत लायी क्या बेटा? थोडा बरफ डालके दे." सगळा वॉर्ड हसला.

३ डिसेंबर

एक विचित्र गोष्ट झाली. हिरालालजींना औषध देत होते. शीर उत्तम, रक्त परत येत होतं. ते एकदम बारीक आवाजात म्हणाले, "अंजूताई, जळून राहिलं."

हात थांबवला. तपासलं. काही नव्हतं. विचारलं तर म्हणाले, मी कुठं बोललो बेटा, मी तर डुलकी घेत होतो.

इथे सगळे मला सिस्टर किंवा अंजना म्हणतात. अंजूताई म्हणणारं एकच माणूस होतं.

आम्ही बौद्ध. बाबांनी लहानपणापासून शिकवलं, भूतप्रेत मानायचं नाही. मी मानत नाही. थकवा असेल.

९ डिसेंबर

दरेकसाकडची एक म्हातारी आहे. तिला फक्त गोंडी येते, नातू सांगेल तेव्हाच कळतं. नातू बाहेर होता. तिने डोळे मिटूनच स्पष्ट सांगितलं, "अंजूताई, जळून राहिलं ना."

पुन्हा थांबवलं. पुन्हा शीर चांगली. प्रेमिला सिस्टर लांबून बघत होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. काऊन थांबलीस म्हणाली.

१४ डिसेंबर

सुटीला नवेगावला जाऊन आले. लोकेश, खुशबूचा नवरा, तळ्यावर जाळ्याचा गुंता सोडवत होता. म्हणाला, हात सुन्न पडल्यावरही ती जळते म्हणायची. सगळे म्हणायचे आता कसं जळेल. शेवटी शेवटी तिने सांगणं सोडलं. नुसती प्रत्येकाकडे बघायची.

परत आले तर शकुंतलाबाई दारात. "कोण व ते पोरगी, तुह्या मांगं मांगं जिन्यावर चढली? हाताले फडकं गुंडाळलेली?"

मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी माझ्यामागे पुन्हा पाहिलं आणि आत गेल्या.

२६ डिसेंबर

आता रोज होतं. जो खुर्चीत बसतो तो म्हणतो. बाई, बाप्या, पोरगा. प्रत्येक वेळी थांबवते, प्रत्येक वेळी शीर नीट. कामाला उशीर होतो. प्रेमिला सिस्टर आज रागावली. अशी घाबरत राहिलीस तर सही कशी करू म्हणाली.

मी थांबणं सोडलं. रक्त परत येतं ना, मग पुढे. ती बोलते, मी ऐकत नाही. सवय होते.

८ जानेवारी २०१५

प्रेमिला सिस्टरच्या स्तनात गाठ. कधीची लपवली होती. तपासणीत तेच निघालं. तिला लाल औषध लागणार. सगळ्यांसमोर म्हणाली, "अंजनाच्या हातानंच घेईन मी. पोरीचा हात हलका आहे."

मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि हसले. तोंडावर पदर दाबून हसले. लिहायला लाज वाटते, पण एवढा आनंद खुशबू गेल्यापासून झाला नव्हता.

१५ जानेवारी

उद्या.

संध्याकाळी प्रेमिला सिस्टरनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, नवेगावची एक पोरगी होती. तिचं मी ऐकलं नाही, घाईत होते. तेव्हापासून जळते हा शब्द ऐकला की हात आधी थांबतो. नाव विसरल्या नव्हत्या. खुशबू म्हणाल्या.

मी कोण ते सांगितलं नाही. पण ठरवलं. मी नीट देणार. खुशबू, ऐकतेस ना, मी नीट देणार. पुरे आता.

खोलीत कोणीतरी रडल्यासारखं — नाही. मिलचा पट्टा असेल.

१६ जानेवारी

सगळं नीट केलं. डावा हात, चांगली शीर, रक्त आलं. सुरू केलं. निम्म्यावर त्या म्हणाल्या, "अंजना, जळून राहिलं गं."

मला वाटलं ती. रोजचीच. मी पुढे ढकलत राहिले. त्या पुन्हा म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, सहन करा, औषध आहे, लागणारच.

माझ्या तोंडून. अगदी तेच.

सिरिंज रिकामी झाल्यावर हात बघितला. सुजला होता.

त्या अंजना म्हणाल्या होत्या. अंजूताई नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं का — कळलं होतं का —

१९ जानेवारी

हात काळा पडतो आहे. त्यांना नागपूरला नेलं. जाण्याआधी त्यांनी माझ्या कागदावर सही केली. बाकीच्यांना म्हणाल्या, पोरीची चूक नाही, शीरच फुटली. माझ्याकडे मात्र नुसतं बघितलं.

वॉर्डात शांत आहे. कोणी जळते म्हणत नाही. दीड महिना तिने मला न ऐकायला शिकवलं. आता शिकवायचं काही उरलं नाही.

खुशबू, झालं ना तुझं?

२३ जानेवारी

प्रेमिला सिस्टर गेल्या.

शकुंतलाबाई विचारत होत्या, आता दोघीजणी काऊन येतात तुह्या मांगं.

२४ जानेवारी

डावा हात. मनगटाच्या वर. निखारा ठेवल्यासारखा.

डॉक्टरांना दाखवला. म्हणाले काही नाही, कातडी स्वच्छ आहे, मन लावून घेऊ नका. पुन्हा दाखवला. नव्या सिस्टरने पाठ थोपटली, सहन कर म्हणाली —

मी सांगते आहे — सगळ्यांना सांगते — कोणी —

खुशबू मी तुझी ताई — मी ती नाही — मी

खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलंय मला — कोणी बसवलं — सुई नाही, काही नाही, तरी

जळून राहि