सही न केलेला कागद

इंदोरा, नागपूर

प्रिय रोशनी,

सप्रेम जय भीम. तू पाठवलेला कागद चार दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. ‘रवींद्रने कधीही कसलंही औषध घेतलं नाही’ एवढं एकच वाक्य आणि खाली माझ्या सहीला जागा. माझी सही झाली तर शरीरसौष्ठव संघटना तुझ्या बाबाचा काढून घेतलेला किताब परत देण्याचा विचार करेल, असं तू लिहितेस. बाबाला जाऊन तीन वर्षं झाली आणि तू अजून त्याच्यासाठी भांडतेस. त्याचीच पोर तू, हट्ट कशी सोडशील! पण बेटा, मला सही करता येत नाही. रागावायचं तर खुशाल रागाव, आधी सगळं वाच.

तुझा बाबा वाडीच्या गोदामात दिवसभर पोती उचलायचा आणि संध्याकाळी माझ्या टिनाच्या व्यायामशाळेत येऊन पुन्हा वजनंच उचलायचा. तुझं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारलं की नुसता हसायचा. स्पर्धा जवळ आली की तुझी आई रोज वीस अंडी उकडायची. पांढरं त्याला, पिवळं तुला. सातव्या वर्षी तू एवढी गुटगुटीत का होतीस, कळलं ना आता? घरात संत्री यायची, तर हा बापडा नुसती साल नाकाशी धरायचा. एवढं करूनही तीन वर्षं दुसऱ्या नंबरवरच राहिला.

चौथ्या वर्षी स्नायू फुगवायची इंजेक्शनं मी आणली. त्याने मागितली नव्हती. मला व्यायामशाळेच्या भिंतीवर विजेत्याचा फोटो हवा होता. सगळेच घेतात, असं मी त्याला महिनाभर पढवलं आणि टोचायलाही मीच होतो. तो हो म्हणाला ही त्याची चूक, पण तिची सुरुवात माझ्यापासून. पुढे त्या इंजेक्शनांनीच त्याचं हृदय वाढलंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी खाली मान घालून उभा होतो. हे तुझ्या आईला, सिंधूवहिनीला, सांगायला दोनदा तुमच्या घरी आलो आणि चहा पिऊन परत गेलो.

सदर भागातल्या हॉलमध्ये त्या चौथ्या वर्षी किताब त्याला मिळाला आणि पाठोपाठ तपासणीचे डॉक्टर लघवीच्या नमुन्यासाठी बाटली घेऊन आले. तुझा बाबा नमुना न देता निघून गेला म्हणून किताब काढून घेतला. शहरभर त्याला पळपुटा म्हणू लागले. शाळेत तुला त्यावरून चिडवायचे, तेही मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही.

आता उघडतो. तो नमुना द्यायलाच निघाला होता. माझा हात बाजूला करत म्हणाला, “मले देऊ दे गा वसंता. निंगालं तं निंगालं, मी सांगतो ना घेतलं म्हणून.” मी घाबरलो. इंजेक्शनं कोणी दिली हे निघालं असतं तर माझी व्यायामशाळा गेली असती. म्हणून त्याला खोटंच सांगितलं, “वहिनीचा फोन आला, रोशनीले झटके येऊन राहिले.” पुढचं त्याने ऐकलंच नाही. स्पर्धेसाठी रंगवलेल्या तशाच अंगाने माझ्या स्कूटरवर बसला. घरी पोचलो तर तू ओट्यावर सागरगोटे खेळत होतीस. त्याने तुला उचलून छातीशी धरलं. तुझा पांढरा फ्रॉक तपकिरी झाला म्हणून तू त्याच्यावर केवढी चिडलीस! त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. शेवटपर्यंत ना मला जाब विचारला, ना माझं नाव कोणापुढे काढलं. या पत्राने किताब परत मिळणार नाही, पण संघटनेला हेच पत्र दे. आणि तुला कोणी पुन्हा पळपुट्याची पोर म्हणालं तर सांग, ‘बाबा त्या दिवशी माझ्यासाठी घरी आला होता.’

तुझाच, माफी मागायचं तोंड नसलेला
वसंतकाका