पालींचा परवाना

रविवार, १२ एप्रिल

कालच्या नोंदीत दुरुस्ती. काल लिहिलं की आईने पिल्लं बेसमेंटमध्येच ठेवायला परवानगी दिली. असं घडलेलं नाही. आई म्हणाली, "बघू." बघू म्हणजे परवानगी नव्हे. शिवाय 'थोडी पिल्लं' असं लिहिलंय. आज मोजली. थोडी नाहीत.

वस्तुस्थिती अशी: दोन वर्षांपूर्वी दोन क्रेस्टेड गेको आणले. दोन्ही नर आहेत, असं विकणारा म्हणाला होता. एक नव्हता. आता भिंतभर काचेच्या टाक्या. आई त्यांना सरसकट पाली म्हणते.

१ जुलैला नागपूरहून मिलिंदमामा आणि मामी येणार. बेसमेंट त्यांना द्यायचा आहे. मामांनी मुद्दाम कॅनडा डे बघून तिकीट काढलं. सगळी ऑफिसं बंद, त्यामुळे धाकटा भाऊ देवेश एअरपोर्टला जाऊ शकेल. म्हणजे ३० जूनच्या आत पिल्लं विकली गेली पाहिजेत. बर्नाबीतला पेट शॉपवाला ट्रेव्हर सगळी एकदम घ्यायला तयार आहे. त्याची अट एकच, माझ्याकडे विक्रीचा परमिट हवा. माझीही तीच अट होती.

संकल्प: योग्य परमिट, आठवड्याभरात.

पिल्लांना नावं ठेवलेली नाहीत. विकायच्या जनावरांना नावं ठेवू नयेत.

मंगळवार, १४ एप्रिल

वाचते आहे. शहराचे नियम वेगळे, प्रॉव्हिन्सचे वेगळे, देशाचे वेगळे. पाचवीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं आणि पहिला धडा हाच दिला: आधी नियम, मग सोंगट्या. सापशिडीच्या डब्यावरचे नियम मी तीनदा वाचायची. तोवर देवेश शंभरावर पोचून झोपायला गेलेला असायचा. पण माझ्यावर कुणी कधी रडीचा डाव म्हणून आरोप केला नाही.

शनिवार, २५ एप्रिल

फॉर्म सापडला! सोळा पानी. सरपटणाऱ्या प्राण्यांचा, म्हणजे हाच.

प्रश्न: हा प्राणी माणसाला इजा करू शकतो का? जानेवारीत भोपळा माझ्या बोटाला चावला होता. (हे नाव नाही. तो केशरी आहे, म्हणून ओळखायला.) 'हो' लिहिलं.
प्रश्न: प्राणी कधी निसटला आहे का? एकदा, वॉशिंग मशीनमागे. 'हो' लिहिलं.
प्रश्न: लांबी? 'अजून वाढत आहे' असं लिहिलं. खरं तेच आहे.

देवेश खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "ताई, इट्स अ लिझर्ड, नॉट अ बाँब." त्याला कुणी घरी शिकवलं नाही, तो थेट शाळेत गेला. त्याचा दोष नाही.

गुरुवार, ७ मे

फॉर्म पाठवला. उशीर झाला, पण सोबतचं पत्र चार वेळा लिहावं लागलं.

दरम्यान अंडी. ती मी दह्याच्या रिकाम्या डब्यांत ओल्या मॉसवर ठेवते. आई म्हणाली की तिला विरजण लावायला घरात एक डबा उरलेला नाही, आणि तुझ्या या पाली काही जन्मात जायच्या नाहीत. तेवढ्यात वरच्या टाकीतून एकजण चुकचुकला. आईने लगेच शेल्फवर तीनदा बोट वाजवलं. बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं असतं, असं तिचं म्हणणं. "बघ, तीसुद्धा हो म्हणाली."

याला पुरावा म्हणत नाहीत.

शनिवार, १६ मे

उत्तर नाही. फोन करून उपयोग नाही. सोमवारी सकाळी स्वतः ऑफिसात जाऊन उभी राहणार. कॅलेंडर बघून ठरवलं आहे.

रविवार, १७ मे

आई कपडे धुवायला खाली आली आणि कुलकर्णीने (नाव नाही, कायम तक्रारीच्या चेहऱ्याने बघतो, म्हणून) उघड्या टाकीतून तिच्या खांद्यावर उडी मारली. आई जागच्या जागी थिजली. मग अगदी शांत आवाजात विचारलं, "डावा की उजवा?" मी विचारलं, तुझा डावा की माझ्याकडून बघताना डावा?

वर गेल्यावर तिने पंचांग काढलं. अंगावर पाल कुठे पडली की काय फळ मिळतं, ते त्यात दिलेलं असतं. मी शंका काढली की हा नियम आपल्याकडच्या भिंतीवरच्या पालीसाठी असणार. कॅनडात, पिंजऱ्यात जन्मलेल्या, परदेशी जातीच्या गेकोला तो लागू होतो का, हे आधी तपासायला हवं. आई म्हणाली, "अंघोळ सगळ्याला चालते." आणि डोक्यावरून पाणी घेऊन दहा मिनिटांत भाजी चिरायला बसली.

ही पद्धत मला शास्त्रशुद्ध वाटत नाही.

सोमवार, १८ मे

ऑफिस बंद. व्हिक्टोरिया डे. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

बुधवार, ३ जून

इन्स्पेक्टर आली! नाव जोन. गुडघ्यापर्यंत बूट, कोपरापर्यंत जाड हातमोजे, हातात आकडा लावलेली लांब काठी. तिचा सहकारी भली मोठी पेटी घेऊन व्हॅनमध्ये थांबला होता. मी टाक्या दाखवल्या. तिने बघितल्या, मग माझ्या पाठीमागे बघितलं आणि विचारलं, बाकीचे कुठे आहेत?

बाकीचे नाहीत म्हटल्यावर तिने माझा अर्ज काढून मोठ्याने वाचला. चावतो. निसटला होता. अजून वाढत आहे. आई दारात पोह्यांची बशी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अगं, कुणाबद्दल लिहिलंस हे?"

जोनचं म्हणणं असं की मी मागितलेला परमिट मगरी आणि अजगरांसाठी असतो. मला हवं ते विक्रीचं साधं लायसन्स. एक पान. सिटी हॉलच्या काउंटरवर भरून द्यायचं, तिथल्या तिथे मिळतं. मी विचारलं, हे लेखी मिळेल का? तिने पेपर नॅपकिनवर लिहून दिलं. मी तारीख घालायला सांगितली. तिने तीही घातली.

मग हातमोजे काढून तिने पोहे खाल्ले, आणखी मागितले, आणि भोपळ्याला हातावर घेतलं. याचं नाव काय, विचारलं. मी सांगितलं. पुढच्याचं? सांगितलं. सगळ्यांची सांगून झाल्यावर जिन्यावरून देवेश ओरडला, "यू सेड दे डोन्ट हॅव नेम्स!"

जोन म्हणाली, लायसन्स झालं की भोपळा मी घेईन. मी चौकशी केली: घरात मांजर आहे का, संध्याकाळी पाणी कोण फवारणार, सुट्टीवर गेलात तर? तिने दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि घड्याळ बघितलं.

उत्तम दिवस. आता अडचण अशी उरलेलीच नाही.

शुक्रवार, १२ जून

ट्रेव्हरचा फोन. ३० तारखेपर्यंत टाक्या रिकाम्या ठेवतो, पुढे नाही. मी त्याला छोटी प्रश्नावली पाठवली. दुकानात दुपारी तापमान किती असतं, काचेवर टकटक करणाऱ्या गिऱ्हाइकांना काय सांगता, घेणारा माणूस चांगला आहे हे कसं ओळखता. उत्तर म्हणून त्याने अंगठा पाठवला. यातून काहीच कळत नाही.

मंगळवार, २३ जून

सिटी हॉलमध्ये जाऊन आले. काउंटरवर रांग नव्हती. रांग नसणं मला जरा संशयास्पद वाटलं. बाईंनी हसून विचारलं, काय मदत करू? मी म्हटलं, नुसती बघतेय. फॉर्म घेऊन घरी आले.

खरंच एकच पान. सगळं भरलं. एक रकाना राहिला: विक्री कधी सुरू करणार. खोटी तारीख लिहिणं माझ्याकडून व्हायचं नाही, त्यामुळे विचार करते आहे.

देवेशचं म्हणणं, ३० पर्यंत लायसन्स नाही आलं तर तो फोटो टाकून सगळी फुकट वाटून टाकणार. फुकट वाटायला परमिट लागतो का, हे त्याने वाचलेलं नाही. मी वाचायला घेतलं आहे.

सोमवार, २९ जून

देवेशने फोटो काढले, पण टाकले नाहीत. कुलकर्णी त्याच्या मानेवर बसून झोपला. तेव्हापासून म्हणतोय, "ही इज काइंड ऑफ अ ड्यूड." संध्याकाळी स्वतःची गादी ओढत बेसमेंटमध्ये आला. मामा-मामींना त्याची खोली. हे आईने परस्पर ठरवलं.

मी हरकत घेतली. म्हटलं, मी विकणार आहे, तू असं गृहीत कसं धरतेस? आई म्हणाली, "माझ्या अंगावर पडली, मी अंघोळ करून मोकळी झाले. तुला विकायच्याच नाहीत, हे एकदा बोल आणि तूही मोकळी हो." बाबा जिन्यात उभे होते. ते म्हणाले की चूक माझीच, मी हिला नियम शिकवले आणि जेवायची वेळ झाली म्हणून पट गुंडाळून ठेवला.

दोघांचाही गैरसमज आहे. तो दूर करायला मी सगळ्या टाक्यांसमोर उभं राहून स्पष्ट सांगितलं की मला पिल्लं विकायचीच आहेत. आई शेल्फवर बोट धरून थांबली. आम्ही सगळेच थांबलो. कुणी चुकचुकलं नाही. वास्तविक या वेळी ते सगळे जागे असतात.

उद्या जाता येईल. पण उद्या नवी अंडी बघायची आहेत, आणि घाईत केलेलं काम धड होत नाही. त्यापेक्षा एक दिवस नीट तयारी. रकाना आत्ताच पेनने भरला, म्हणजे माघार नाही. लायसन्स आणि विक्री, दोन्ही एकाच दिवशी, काउंटर उघडता उघडता, सकाळी साडेआठला.

रकान्यातली तारीख: बुधवार, १ जुलै.