खैराच्या रुळाला भोक

मास्तर, तुमच्या रुळाला मी भोक पाडलं. आरपार, सरळ, कुठे केसाएवढीही चीर न जाता. आधी एवढंच सांगायचं होतं, बाकीचं सावकाश लिहिते. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की गावातल्या निम्म्या पोरांना तुम्ही ठाऊकही नाही. पण त्यांच्या आईबापांना विचारा, ते आधी तळहात चोळतात आणि मग तुमच्याबद्दल चांगलं बोलतात.

रूळ खैराचा. अंगठ्याहून जरा जाड, काळपट तांबडा, आणि दिसतो त्याच्या दुप्पट जड. वह्यांत रेघा मारायला म्हणून तुम्ही तो सुताराकडून घडवून घेतला होता, पण कागदापेक्षा आमच्या हातांवरच जास्त चालला. मी फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास मोडला तो दिवस मला अजून दिसतो. टाचा उंचावून मी वर्तुळ काढतेय, कंपासाचा पाय सटकतो, तो खाली पडतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. तुम्ही खुर्चीतून उठता आणि म्हणता, "तुज्या हातात लोखांड दिला तरी तू मोडतलंस गो." मग दोन्ही हातांवर रूळ. त्याच संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत, स्वयंपाकघरात पाटावर बसवून एकोणतीसचा पाढा घोटून घेतलात, आणि तुमच्या घरच्या काकींनी गरम चहाबरोबर पदेराच्या भट्टीतला ताजा उंडा पाव पुढे सारला. त्यामुळे मला तुमचा धड रागही करता आला नाही. ही तुमची खोडच होती, मारायचं आणि वर जेवूखाऊ घालायचं. माणसाने चिडायचं तरी कुठल्या तोंडाने?

पुढे मला खरोखरच लोखंड मिळालं. तुयेच्या कारखान्यात ड्रिलिंग मशीनवर उभी राहून मी अर्धं आयुष्य लोखंडाला भोकं पाडली, अजूनही पाडते. सुट्टीच्या दिवशी घरच्या सोप्यावर छोट्या लेथवर लाकडाची पेनं करते. सागवान, फणस, चिंच, सगळ्यांची करून झाली. तेरेखोलचा किल्ला बघायला येणारी माणसं हौसेने घेऊन जातात. खैराच्या वाटेला मात्र मी गेले नव्हते. ते लाकूड इतकं घट्ट की ड्रिल आत शिरलं की तापतं, भुशाला बाहेर यायला वाट मिळत नाही, आणि टक् असा आवाज होऊन तुकडा उभा फुटतो. उगाच कशाला हात पोळून घ्यायचे, असा माझा सरळ हिशेब होता.

आणि मे महिन्यात काकी आल्या. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला रूळ. तुमची नात मास्तरीण झाली, मास्तर, शाळा सुरू होताना तिला रुजू व्हायचं होतं, आणि आजोबांची आठवण म्हणून तिला तो वर्गातल्या टेबलावर ठेवायचा होता. काकी पाणीसुद्धा न पिता बोलायला लागल्या. "मी तिका ह्यो रूळ देवचंय नाय. शाळा आमच्या परड्याच्या पलीकडे. ह्येंनी जल्मभर पोरांचे हात तांबडे केल्यानी, तां सगळां मी चुलीकडे बसान आयकलंय. आता तिच्या हातात ह्यो नको. पण आज्याची वस्तू नको, असां तरी तिका कसां सांगू? तू ह्याचां पेन कर." मी विचारलं, "आणि फुटलो तर, काकी?" त्या म्हणाल्या, "फुटूक देव नको." एवढं बोलून त्या उठल्या. तुमच्यासमोर त्या बाईने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. इतकी वर्षं त्या मनात काय धरून बसल्या होत्या ते तुम्हाला कळलं होतं का, कोण जाणे.

रुळाचं एक टोक तुम्ही टेबलावर आपटून आपटून चिरलेलं, दुसरं किड्याने पोखरलेलं. मधला भाग तेवढा धड, एका पेनापुरता, एक तुकडा टोपणाला आणि एक खालच्या नळीला. फुटला असता तर दुसरा कुठून आणायचा? आणि मग नातीच्या टेबलावर काय गेलं असतं, ते उरलेलं दांडकंच. म्हणून मी आधी सुताराकडून खैराच्या मोडक्या मुसळाचे तुकडे आणले आणि त्यांच्यावर हात बसवला. पहिला लोखंडासारखाच रेटला, धूर निघाला आणि तो फुटला. दुसरा सांभाळून नेला तर ड्रिल पलीकडून बाहेर पडताना शेवटचा टवका घेऊन गेलं. मग मला उमगलं की ह्या लाकडाला बाहेर पडायचं भोक पाडायचंच नसतं. तुकडा जरा लांब ठेवायचा, ड्रिल टोकाच्या अलीकडे थांबवायचं आणि ते टोक करवतीने कापून टाकायचं, की भोक आपोआप उघडं पडतं. ही युक्ती साधली तेव्हा मी सोप्यावर एकटीच हसले. आतून नवऱ्याने विचारलं, "कोणाक हसतंस गो?" मी म्हटलं, "मास्तरांक."

रुळाचा दिवस आला तेव्हा नवीन, धारदार ड्रिल लावलं. तुकड्याला गोंद लावून सुती दोरा गच्च गुंडाळला आणि आंब्याच्या लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये आवळून धरला. मशीन अगदी संथ. ड्रिल जरासं आत न्यायचं, पूर्ण बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, मशीन थांबवून बोट लावून बघायचं. गरम लागलं की थांबायचं. आणि थांबणं हेच मला कधी जमलेलं नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणून मी पाढा म्हणायला लागले, तोच, एकोणतीसचा. एकोणतीस एके एकोणतीस पासून एकोणतीस दाहे दोनशे नव्वद पर्यंत पोचले की ड्रिल निवतं. टोपणाचा तुकडा झाला. दुसऱ्याच्या मध्यावर बारीक चिरकल्यासारखा आवाज आला. मशीन बंद केलं, दोरा उलगडला, तुकडा उघड्या जनेलाशी नेऊन बाहेरच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिला. काही नव्हतं, ठोकळाच कुरकुरला होता. पुन्हा दोरा, पुन्हा गोंद, पुन्हा पाढा. शेवटी करवतीने टोक कापलं आणि नळीतून पलीकडचं आभाळ दिसलं. मास्तर, मी ती नळी डोळ्याला लावून सगळं अंगण बघितलं, माड बघितला, विहीर बघितली. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

पेन सुरेख झालं. घोटून घोटून खैर असा तांबूस चमकायला लागला की काकींनी आधी ओळखलाच नाही. पदराने पुसून त्यांनी ते नातीच्या हातात दिलं, आणि पोरीने रुळाचं नावही काढलं नाही. परवा ती मुद्दाम माझ्याकडे येऊन वर्गातली गोष्ट सांगून गेली. सगळ्या पोरांना पेन हातात धरून बघायचं होतं. बाकांवरून फिरता फिरता ते एका मुलीच्या हातून निसटलं आणि शहाबादी फरशीवर पडलं. मुलगी रडकुंडीला आली. नातीने पेनाकडे पाहिलं, त्याला काहीच झालं नव्हतं. ती मुलीला म्हणाली, "उचल. आणि आता ह्यानेच तुझं नाव लिही."

मी हसून म्हटलं, खैर आहे तो, असा तसा फुटायचा नाही. नात गेल्यावरही कितीतरी वेळ मी सोप्यावर तशीच बसून होते. हे पत्र काकींना दाखवायचं नाही आणि तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. एवढी जिंकून बसले होते, मास्तर, तरी त्या मुलीचा मला हेवा वाटला.