किती ठिपके दिसले, अब्बा

अब्बा, त्या पिस्तुलावरच्या, नेम धरायच्या साइटचे पैसे सोन्याच्या व्यापाऱ्यानं दिले, तो त्याचा हिशेब. आपल्या घराला ती साइट पडली ती तुमच्या बाकाच्या किमतीला. ओमानात, निझवाच्या सूकमधला, म्हणजे बाजारातला, खिडकीखालचा तुमचा बाक, त्यावरची कानशी, पितळी हातोडी, आणि सगळ्या बाजारानं तुम्हाला मारलेली ‘उस्ताद’ ही हाक. एवढं सगळं एका दुपारी गेलं. मी तिथंच होतो, तरी हे मांडायला मला इतकी वर्षं लागली.

बंदुका दुरुस्त करणारा कोकणातला माणूस म्हटलं की लोक आजही हसतात. तुम्ही सुतारकामाला आलात, अर्बाबच्या (तिथं मालकाला, शेठला अर्बाबच म्हणतात) दुकानात जुन्या रायफलींचे लाकडी दस्ते बसवता बसवता लोखंडही शिकलात. मला व्हिसा काढून बोलावलंत तेव्हा मी चांगला बाप्या होतो, तरी पहिले सहा महिने तुम्ही मला फक्त ऐकायला बसवलंत. “हात नंतर. आधी कान लाव.” नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा दाणा, खाचेत ठोकताना हातोडीचा आवाज भरीव झाला की थांबायचं, हे तुम्ही मला डोळे मिटायला लावून शिकवलंत. आणि ती कापडाची परीक्षा! पिस्तूल दिशदाशाच्या, त्या लांब अरबी झग्याच्या, आत कमरेला राहणार. काढताना साइटची धार कापडात अडकली तर माणूस गेलाच. म्हणून कानस मारून झाली की तुम्ही जुन्या दिशदाशाचा तुकडा त्यावरून ओढायचात आणि मान तिरकी करून ऐकायचात. एक धागा जरी खरखरला तरी पुन्हा कानस. मला वाटायचं, काय ही कारागिरी! तुम्ही डोळ्यांचं काम कानांवर ढकलत चालला होतात हे मला कळायला ती दुपार यावी लागली.

व्यापारी आला, तो अजून माझ्यासमोर उभा आहे. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. सोनं घेऊन संध्याकाळी मस्कतच्या रस्त्याला लागणारा माणूस, परवाना खिशात. “उस्ताद, अंधार में कुछ दिखता नहीं. मेरे को रात का आँख लगा के दो.” त्याच्या भावानं परदेशातून तीन जातींच्या साइट आणलेल्या. एक होती उजेड पिऊन मग चमकणाऱ्या रंगाची. ती तुम्ही लगेच बाजूला सारलीत. “अर्बाब, ये तो दिनभर कपड़े के अंदर सोएगा. उजाला कब पिएगा?” व्यापारी खो खो हसला. उरल्या दोन, दोन्हींत काचेच्या बारीक नळीतला आपोआप चमकणारा गॅस. एकीत पुढं एक आणि मागं दोन असे तीन सारखे हिरवे ठिपके. दुसरीत चमक फक्त पुढच्या माशीला, मागची खाच काळीच.

दुपारच्या नमाजानंतर सूक बंद झाला तसे आपण तिघं मागच्या कोठारात शिरलो. दाराला घोंगडी लावली. डोळे अंधाराला सरावेपर्यंत व्यापारी आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत बसला. दोन्ही साइट मी लाकडाच्या ठोकळ्यांवर मेणानं चिकटवून ठेवल्या होत्या. त्यातला हाताला लागला तो ठोकळा तुम्हाला दिला. तुम्ही हात लांब करून नेम धरलात आणि म्हणालात, “वा. तिन्ही ठिपके एका रेषेत. एकदम साफ.”

अब्बा, तुमच्या हातात एका ठिपक्याचा ठोकळा होता.

मी लगेच म्हणालो, “माझंच चुकलं, मी ठोकळे उलटे दिले,” आणि तो काढून घेऊन दुसरा दिला. तुम्ही तीन ठिपक्यांचा ठोकळा थोपटलात. “यही लगा देंगे. ज्यादा रोशनी.” मी गप्प राहिलो असतो तर तुमचा बाक राहिला असता. पण मागचे दोन ठिपके इतके भडक होते की नजर पुढच्या माशीवर टिकतच नव्हती, आणि हा माणूस घाटातल्या अंधारात त्याच्यावर जीव टाकणार होता. मी म्हणालो, “अर्बाब, दोनों एक बार फिर देखो. पहले आँख किधर जाता है?” त्यानं पाहिलं, पुन्हा पाहिलं. “ये एक वाला. खलास.” मला ऐकू आला तो तुमचा श्वास. आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

ती साइट बसवलीत मात्र तुम्हीच. मला हात लावू दिला नाहीत. कडा गोल केल्यात, मग कापड ओढलंत. दुकानात आवाज नाही. एकही धागा लागला नाही. त्याहून सुंदर काम मी नंतर पाहिलं नाही. आणि असरच्या नमाजानंतर बाकड्यावर चहा घेताना, कप दोन्ही हातांत धरून, तुम्ही विचारलंत, “किती होते रे?”

“एक.”

“हं. बरं बोललास.” मग एक घोट घेऊन, “साखर घातलीस की नाही मेल्या?” घातली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच अर्बाबला सांगितलंत, आता घरी जातो, मुलगा तयार आहे. म्हातारा अर्बाब तुमचा हात सोडीना. “इन्शाल्ला, फिर आना.” गावी डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाला.

त्या बाकावर मी चार वर्षं काढली, मग तिथल्याच बरका गावी कुलुपांचं आणि हत्यारांचं दुकान टाकलं. चांगलं चाललंय. तुम्ही लावलेले कान अजून शाबूत आहेत. बंद कुलुपात किल्ली फिरली की कुठला दात झिजलाय ते मी पाठमोरा सांगतो. फोनवर गिऱ्हाईक नुसतं हॅलो म्हणालं तरी ते घ्यायला येणार की वेळ घालवायला, हे मला कळतं. बाजारात माझी ही बढाई सगळ्यांना पाठ आहे. या कानाला कोणी फसवू शकत नाही, असं मी गल्ल्यावर बसून शंभरदा म्हटलंय.

दर शुक्रवारी फोन करायचो. तुम्ही सांगायचात, समोरच्या कलमाला मोहोर आलाय, खाडीत होड्या उभ्या आहेत, शेजाऱ्यानं भिंत पिवळी रंगवलीय, कसला घाणेरडा रंग. मी फोन ठेवून बायकोला म्हणायचो, अब्बांना दिसतंय गं बऱ्यापैकी. आणि मला झोप लागायची. त्या दुपारची बोच मी तेवढ्यावर निभावून नेली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी वाचून दाखवायला कोणीतरी लागलंच असतं. तुम्ही गेल्यावर, चाळिसावा झाला तेव्हा अम्मी म्हणाली, शेवटची दोन वर्षं तुम्हाला काहीही दिसत नव्हतं. प्रत्येक शुक्रवारी ती तुमच्या शेजारी बसून खिडकीतलं एकेक तुमच्या कानात सांगायची, आणि तुम्ही ते मला सांगायचात. तिचा आवाज मला एकदाही ऐकू आला नाही.