बेचाळीस करकोचे

निंबा आबांचा मळा, यावल
२१ फेब्रुवारी २०२५

नूतन,

नमस्कार. मी बरा आहे, तूही असशील. धुळ्याचं हॉस्टेल चांगलं आहे असं कळलं. कोणाकडून, ते विचारू नकोस. तू नंबर ब्लॉक केलास म्हणून कागद. अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकलं नसलंस तर पुढे वाच. पक्ष्यांचंच आहे.

इथे पळस फुललाय. सोमवारपासून भोरड्यांचे थवे उतरतायत, आणि त्यांना दादर ज्वारीवरून हाकलायला आबांनी मला ठेवलंय. हस. कॉलेजात पक्षी मोजायचो, आता माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. दगडाऐवजी मातीचं ढेकूळ घालतो. आबांना माहीत नाही.

तापीचं पाणी बरंच उतरलंय. चक्रवाक अकरा, गेल्या आठवड्यात सतरा होते. थापट्या बदकं पुष्कळ, मोजली नाहीत. दलदली ससाण्याची एक मादी रोज चारच्या सुमारास हरभऱ्यावरून अगदी खालून जाते.

मंगळवारी सकाळी आबांच्या हरभऱ्यात करकोचे उतरले. तुझेच, कांड्या करकोचे. काळी मान, डोळ्यामागे पांढरा तुरा. घाटे फोडून आरामात खात होते. मी माळ्यावर उभा, गोफण हातात, आणि हात काही हलेना. आबा बांधावरून ओरडत आले.

"हितेंद्र, तुले कायले ठेवलं रे? पाहुण्यायले जेवू घालाले?"

"आबा, मोजू द्या फक्त."

"अन् मोजल्यावर?"

"हाकलतो."

आबाही शेजारी उभे राहून मोजायला लागले, बोटं मिटत मिटत. माझे तीस झाले. आबा म्हणाले, "एकतीस. तो मांगचा लंगडा धर." लंगडा होता खरंच. मग मी गोफण फिरवली. ते माझं काम आहे. सगळे उठले, ओरडत एकदा आमच्यावरून फिरले आणि नदीकडे गेले.

आता तुला वाटेल, येतात ना इथे करकोचे, म्हणजे गेल्या वर्षीही आलेच असतील. मीही दोन दिवस हे पत्र मनात तसंच लिहीत होतो.

गेल्या वर्षी कॉलेजच्या पक्षीगणनेच्या दिवशी तुला ताप होता. तापीचा तुझ्या वाट्याचा काठ तू मला दिलास, तुझी वहीही दिलीस. मी काठावर गेलोच नाही. दोन शहाळी घेऊन गाडीने जळगावला तुझ्या गल्लीत आलो. तुझ्या आईने दार उघडलं तर काय सांगायचं ते ठरत नव्हतं, म्हणून साडेअकरापर्यंत कोपऱ्यावरच बसलो. शहाळी शेवटी मीच प्यायलो. दुपारी वही भरली. तुला करकोचे बघायचे होते म्हणून करकोचे लिहिले. बेचाळीस. चाळीस लिहिले असते तर अंदाजाने लिहिल्यासारखे वाटले असते.

तनवीर समोरच्या काठावर मोजत होता. सरांसमोर तो एवढंच म्हणाला, "तिकडे करकोचेही नव्हते आणि हितेंद्रही नव्हता." आणि तू उभी राहिलीस. "हितेंद्र डोक्याने फिरलेला आहे सर, पण खोटं लिहिणार नाही."

तेव्हा मला दोनच गोष्टी करता आल्या असत्या, कबूल करणं नाहीतर गप्प बसणं. मी तिसरी केली. तनवीरच्या ओठाला तीन टाके पडले. सरांनी माफीपत्र मागितलं, मी दप्तर उचलून निघालो. सगळे म्हणतात, रागात कॉलेज सोडलं. घरीही तेच सांगितलंय. राग तर पायऱ्या उतरेपर्यंतच होता. तुझं ते वाक्य ऐकल्यावर त्या वर्गात तुझ्या मागच्या बाकावर बसणं जमलं नसतं, एवढंच.

मी मारलं म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस आणि त्याने मला खोटं पाडलं म्हणून त्याच्याशीही बोलत नाहीस, असं ऐकतो. त्याच्याशी बोल. तो खरं बोलला होता.

ती नोंद तुझ्या नावावर गेली आहे. सरांना लिहून बेचाळीसचा आकडा खोडायला सांग आणि कारणात माझं नाव घाल. पत्र दाखवलंस तरी चालेल, शहाळ्यांसकट. रविवारी मी पहूरला जाणार आहे, तनवीरच्या वडिलांच्या सायकलच्या दुकानावर. त्याने मारलं तर हात उचलणार नाही. प्रयत्न करेन.

यंदाचे एकतीस घ्यायचे की नाही ते तू ठरव. फोटो नाही, माझा फोन केळीच्या पाटात पडून गेला. म्हणून आबांना खाली सही करायला सांगितली. ते म्हणाले, "पाखरायच्या कागदाले साक्षीदार कायले लागतो रे?" मी म्हटलं, "माझ्या कागदाला लागतो."

खाली माझ्या नावाच्या वर एक शब्द लिहून खोडलाय. उजेडाला धरून वाचू नकोस. तो खोटा होता म्हणून खोडलेला नाही.

हितेंद्र

एकतीस. मी सोता मोजले. एक लंगडा.
— निंबा